दगडूभाऊची गिटार आणि माझा पखवाज

भजनी मंडळाचे किस्से म्हणजे कांद्याची चाळ. एक उचलायला जावं, तर दहा घरंगळत पायावर येतात. त्यात आमचं राजुरीचं मंडळ! मिसरूड फुटलं तेव्हापासून दगडूभाऊ पेटीवर आणि मी पखवाजावर. लोक म्हणायचे, "काय बैलजोडी हाय राव!" मला ते लई गोड वाटायचं.

मग दगडूभाऊनं गिटार घेतली.

*

सगळी करणी मोबाइलची. त्यात त्याला स्पेन देशातला एक म्हातारा दिसला. पायावर पाय टाकून गिटार बडवत होता. "फ्लेमेंको म्हंत्यात तिला," दगडूभाऊ म्हणाला. "आपल्याच वयाचा हाय बघ!"

डिंभ्याला धरणाजवळ सुनील नावाचा एक माणूस पत्र्याच्या शेडमध्ये अशा गिटारी हातानं बनवतो, हे त्यानं शोधून काढलं. मलाही बरोबर नेलं. एसटीची वाट बघण्यातच अर्धा दिवस गेला.

सुनीलनं दगडूभाऊच्या पंजाचं माप घेतलं. मग एकेक फळी कानाशी धरून बोटानं टकटक करायला लागला. दगडूभाऊ हळूच म्हणाला, "डॉक्टर फुगलेल्या म्हशीचं पोट असंच वाजवून बघतोय!"

मी विचारलं, "ह्याच्या साथीला पखवाज चालंल ना?"

सुनील म्हणाला, "बाबा, ही एकट्यानं वाजवायची. हिला कुणी लागत नाही."

निघताना मी माझा हात पुढं केला. "माझंबी माप घ्या."

"तुम्हाला पण पाहिजे?"

"नाय. घेऊन तर ठेवा!"

*

बनायला वर्ष गेलं. सुनील स्वतः गिटार घेऊन आला. पिवळसर पांढरं लाकूड, हलकी तर अशी, की सुपासारखी उचलावी. तो हात धुवायला मोरीवर गेला आणि तेवढ्यात सखूवहिनींनी, म्हणजे दगडूभाऊच्या मंडळींनी, ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं तिच्या अंगावर ओढली!

सुनील परत आला आणि मटकन खालीच बसला. "अहो, हिचं पॉलिश एकदम पातळ असतं! डाग आत मुरतो!"

वहिनी म्हणाल्या, "नव्या ट्रॅक्टरलाबी हळदकुंकू लावलं व्हतं. त्यो काय बोलला न्हाई!"

मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, लागली नाट. पण मंडळातले सगळे म्हणाले, "काय शोभून दिसतंय!"

*

ही गिटार नखांनी वाजवतात. दगडूभाऊनं उजव्या हाताची नखं वाढवली. वर कसलासा गोंद लावून ती दगडासारखी कडक केली. कांद्यांची पात काटायला बोलावलं तर म्हणायचा, "नख तुटंल!"

पण गाईला कोण समजावणार? धार काढायला बसला की ती लाथ झाडायची. दोन बादल्या चेपल्या. वहिनी म्हणाल्या, "एक तर नखं काढा, न्हाई तर गाय काढा!"

दगडूभाऊनं गाय काढली.

आता ज्या डेअरीत तो दूध घालायचा, तिथंच रोज पिशवी आणायला जातो. आणि लोक त्याची नखं बघायला गोळा होतात! माझ्या हाताला पखवाज वाजवून घट्टे पडलेत. ते कुणी बघितलेत?

*

एकदा पारावर दगडूभाऊ सांगत होता, "संध्याकाळी वट्यावर वाजवत बसलो व्हतो. उसातनं बिबट्या आला आन् कुत्र्यागत बसून ऐकत राहिला!"

सगळे माना डोलवायला लागले. मला राहवलं नाही. म्हटलं, "थापा नको मारू! मी पखवाजावर थाप टाकली की बिबट्या पार डोंगराला लागतो!"

एक जण म्हणाला, "मग बरोबरच हाय की किसनतात्या!"

आणि लोक हसले. दगडूभाऊ तर सगळ्यात जास्त.

त्यानंतर मी त्याच्या वट्यावर जायचं सोडलं. मंडळात पेटीला दुसरा गडी आला. चांगला होता बिचारा. पण मी सम कुठं दाखवणार, हे त्याला कळायचं नाही.

*

परवा ओतूरला कॉलेजात दगडूभाऊचा कार्यक्रम होता. एकट्याचा. मला बोलावणं नव्हतं. बाजाराला आलोच आहे, असं स्वतःला सांगत मी गेलो आणि पार शेवटच्या रांगेत बसलो. म्हटलं, चुकतो कुठं ते बघू.

दगडूभाऊ पायावर पाय टाकून बसला. वाजवायला लागला. पोरं एकदम चिडीचूप. छान वाजवत होता मेला! मधेच जरा पळायला लागला. त्याची ती खोड जुनीच. पेटीवर असाच पळायचा, मग मी त्याला ठेक्यात धरून आणायचो. आताही थोडा पळाला, आणि पुन्हा जागेवर आला. पळाला, आणि आला.

एकदम त्यानं हात थांबवला. माइक ओढला. सगळा हॉल बघायला लागला.

"किसनराव," दगडूभाऊ म्हणाला, "ती पुढची लोखंडी खुर्ची बडवताय, ती हितपर्यंत ऐकू येतीय. एक तर थांबा, न्हाई तर वर या!"

पाचशे पोरं मागं वळली. माझ्या पुढच्या खुर्चीतले सर तर उठूनच उभे राहिले.

दगडूभाऊनं पुन्हा सुरू केलं.

मी वर गेलो नाही. थांबलो पण नाही.