जुन्या गादीतला कापूस

जुनी गादी उसवताना येणारा कुबट वास आज पुन्हा नाकात शिरला आणि माझ्या कुशीतला वण ठणकला. कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या साली माझ्या यकृतावर पाण्याची गाठ वाढली होती. बाळापूरच्या जर्राहानं मला अफू चारली, बायांनी हातपाय दाबून धरले, आणि त्यानं बरगडीखाली चिरून गाठीतलं सगळं पाणी काढलं. रक्ताळल्या हातांनीच तो सासऱ्यांना म्हणाला, "पाटील, जखमेत भराले नवा कापूस द्या, एकदम साफ." ओसरी आढ्यापर्यंत कापसानं भरली होती. सासरे म्हणाले, "तो अमरावतीच्या बाजारात चाल्ला. हिच्यासाठी कावून नासवू? जुनी गादी उसवा." सासूनं उसवली. जखम चिघळली, पुढची दिवाळी आली तरी वाहत होती. वास येतो म्हणून नवरा अंगणात निजायचा. आज सकाळी सासरे वारले. त्यांच्या नाकात घालायला बायांनी कापूस मागितला. नव्या कापसाची टोपली माझ्या हाताशीच होती. ती मी मागं सारली आणि जुनी गादी ओढली.