सुटल्याचा निरोप

दिवस कलला की आबा काठी घेऊन घरभर फिरायला लागायचे. आधी हॉलची खिडकी, मग स्वयंपाकघराची, मग आमच्या झोपायच्या खोलीची. प्रत्येक गजावर काठीचा एक टोला, कान तिरका करून ऐकणं, मग पुढचा गज. खालच्या मजल्यावरच्या वहिनी सुरुवातीला विचारायच्या, घराचं काही काम काढलंय का म्हणून. पुढे विचारेनाशा झाल्या.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी जेलमध्ये शिपाई म्हणून गेली. त्यांच्या आधी माझे आजोबाही जेलशिपाईच होते, इंग्रजांच्या अमदानीत, दुसऱ्या एका जिल्ह्यात. संध्याकाळी बंदी होऊन कैदी बराकीत गेले की खिडक्यांचे गज ठोकून बघायचे, हा दोघांचाही रोजचा रिवाज. धड गज खणखणतो. आतून कुणी कापत आणला असेल आणि फट साबणाने बुजवली असेल, तर तो बद्द वाजतो. आमच्या फ्लॅटच्या खिडक्यांना पोकळ पाइपांची जाळी आहे, ती कुठूनही बद्दच वाजते. त्यामुळे आबांचं समाधान कधी व्हायचंच नाही. "कापलाय," म्हणायचे आणि पुन्हा पहिल्या खिडकीपासून सुरू.

मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. घरी मी, माझे यजमान आणि आबा. मुलगी लग्न होऊन लांब गेली. आई गेल्यावर आबांना मी जेलरोडला माझ्याकडे आणलं, तेव्हा ते फक्त चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे. मग चहा प्यायलेला विसरायला लागले, मग आई गेलेली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि म्हणाले, यांची आठवण आता पुढे येणार नाही, मागेमागेच जाणार.

तसे ते मागे गेले. जेवायच्या आधी घरातल्या माणसांची गिनती घ्यायला लागले. भांडीवाल्या मावशी कामाला असतील तर त्यांनाही धरायचे, आणि त्या निघून गेल्या की गिनती चुकायची. ताटावर बसायचेच नाहीत.

"एक कमी हाय."

"मावशी घरी गेल्या, आबा."

"कुनाच्या हुकमानं?"

शेवटी एकदा माझे यजमान म्हणाले, "आबा, तो एक दवाखान्यात पाठवलाय."

"मंग आसं सांगायचं ना," म्हणाले, आणि भाकरी मोडली. त्या दिवसापासून आमच्याकडे रोज कुणीतरी दवाखान्यात असायचं.

इथवर हसण्यावारी नेता येत होतं. एका दुपारी मी डोळा लागून पडले होते आणि आबा बाहेर पडले. आम्ही दोघं सगळ्या गल्ल्या पालथ्या घालत होतो, तेवढ्यात बसस्टँडवरच्या पानवाल्याचा फोन आला. तो आबांच्या जुन्या ओळखीचा. आबा फलाटावर उभे राहून प्रत्येक कंडक्टरला विचारत होते, हरसूलची गाडी कुठली. पायात एकच चप्पल.

आठ दिवसांत पुन्हा तेच. या वेळी एका रिक्षाने धक्का दिला आणि कोपर सोलवटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या यजमानांनी सुतार बोलावला आणि आबांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली.

"फक्त आपण झोपतो तेवढ्यापुरती," ते म्हणाले. मीही हो म्हणाले. दुसरं काय सुचत होतं?

कडीचा आवाज मात्र मला सोसवेना. मी जेलच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. कुलपं, किल्ल्यांचे जुडगे, संध्याकाळची घंटा, हे सगळं माझ्या लहानपणी भाजीपाल्यासारखं रोजचं होतं. तरी ती बारीकशी कडी सरकवली की मला एका जागी बसवत नसे. दुपारी झोपायचं म्हणून कडी लावायची आणि मग मीच आपली हॉलमध्ये येरझारा घालत राहायचे.

असंच एकदा चहा घेऊन कडी काढली. आबा पलंगाशी ताठ उभे होते. चादरीची चौकोनी घडी, घडीवर टॉवेल, पुढे पाण्याचा पेला आणि रिकामी बशी, सगळं एका रेषेत. कैदी तपासणीच्या वेळी मांडतात तसं. मान खाली घालून ते म्हणाले,

"साहेब, माझी माफी किती झाली?"

शिक्षेतून सूट मिळते तिला जेलात माफी म्हणतात. मी कप खाली ठेवला.

"आबा, मी आहे."

त्यांनी वर पाहिलं. जरा वेळाने चेहरा उजळला. "पोरी, तू व्हय. मुलाकातीला आलीस?"

त्या रात्री घरात आम्हा दोघांचं जोरात वाजलं. कडी काढा, असं माझं म्हणणं. "आणि परत रिक्षाखाली आले तर?" असं यांचं. दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. शेवटी एवढं ठरलं, की दुपारी दार उघडं ठेवायचं आणि मी उंबऱ्यात बसायचं. डॉक्टरांनीही सांगितलंच होतं, त्यांना जुनं बोलतं ठेवा.

मग मी विचारायला लागले आणि आबा सांगायला लागले. स्वतःच्या नोकरीतलं फार नाही, आजोबांच्या वेळचं. कालचं जेवण त्यांना आठवत नव्हतं, पण त्यांच्या बापाने सांगितलेलं सगळं जागच्या जागी होतं. सकाळी कांजी, तीही कधी करपलेली. दिवसभर दळण, नाहीतर काथ्या कुटणं. गळ्यात लाकडी बिल्ला, त्यावर नंबर आणि शिक्षा. झोपायला मातीचा ओटा, एकाला एकच, कुशीवर वळलं तर शेजारच्याचं तोंड. त्याच्याही आधीच्या काळात म्हणे रात्री सगळ्यांच्या बेड्यांतून एक लांब साखळी ओवायचे. मध्ये एकाला लघवीला उठायचं झालं, तर सगळी ओळ जागी.

मी इतकी वर्षं मुलांना शिकवलं, कोण कधी तुरुंगात गेलं आणि कधी सुटलं. आत झोपायचे कसे, हे ना मला कुणी शिकवलं होतं, ना मी कुणाला.

आणि त्यातच एका दुपारी आबांच्या बोलण्यात हरसूलचा माणूस आला.

हरसूल म्हणजे जेलाचं नव्हे, डोंगरातलं बाजाराचं गाव; तो तिकडच्या रानातला. राखीव रानातली सागाची झाडं तोडताना सापडला, धरायला आलेल्या जंगलरक्षकावर त्याने कोयता उगारला, आणि शिक्षा होऊन आजोबांच्या जेलात आला. भिंतीच्या आड राहायची त्याला सवयच नव्हती. पहिल्याच महिन्यात भिंतीवर चढताना पकडला गेला. मग दंडाबेडी पडली. दोन्ही घोट्यांपासून कमरेपर्यंत लोखंडी दांडे, गुडघा म्हणून वाकवता येत नाही. शिवाय तनहाई. एकट्याची कोठडी, बोलायला कुणी नाही.

"आन मंग तो चालायला लागला," आबा म्हणाले.

"बेडीत?"

"बेडीतच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दिवसभर. खन्न, खन्न. बाकीचे कैदी वरडायचे, साहेब, त्याला बसवा, डोकं फिरायची येळ आली. आमचा बाप दारापाशी जाऊन म्हनला, बस रे बाबा आता. तर तो म्हने, बसलो तं मरंन."

"मग?"

"मंग काय. बाप लय भला नव्हता, पर त्याला राहवंना. पहाटं साहेब यायच्या आत त्याला आंगनात काढायचा, झाडू द्यायचा हातात. तेवढंच आभाळ."

आजोबांनी त्याला शब्द दिला होता, तुझ्या गावाला तुझी खुशाली कळवतो. पण पत्र लिहून पाठवावं तर गावात वाचणारं कुणी नाही. मग आजोबांची बदली झाली, आणि ते राहून गेलं.

"त्याचं पुढं काय झालं, आबा?"

त्या दिवशी आबा म्हणाले, शिक्षा भरून सुटला, फाटकातून पळतच गेला. दोन दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा निघाली, तेव्हा म्हणाले, तापाने फणफणला, बेडी काढेपर्यंत गेला. पुन्हा कधी म्हणाले, साहेबाने माफी दिली. मी दर वेळी नव्याने विचारायचे आणि दर वेळी वेगळं निघायचं. खरं काय ते आबांना कधी माहीत होतं की नाही, कोण जाणे. पण प्रत्येक वेळी शेवट एकच. काठी शोधायची, उठायचं. "हरसूलला जायला पायजे. सांगायचं राहिलंय."

आता बसस्टँडवरचा प्रकार माझ्या ध्यानात आला.

मी यजमानांना म्हटलं, मी त्यांना घेऊन जाते. ते म्हणाले, "अगं, कुणाकडे? नाव नाही, गाव नक्की नाही. तो माणूस जाऊन किती काळ लोटला असेल." मी म्हटलं, "माहीत आहे." ते उठले आणि आबांची दुसरी चप्पल शोधायला लागले.

बाजाराच्या दिवशी निघालो. शहरात जाऊन तिथून हरसूलची गाडी. दिवाळी उलटून गेली होती, हवेत गारवा होता. आबांना खिडकी दिली. गाडी सुटल्यापासून त्यांचे पाय खाली हलतच होते. घाट लागला तशी मलाच धाकधूक व्हायला लागली. मी हे काय करून बसले? तिथे उतरून कुणाला काय सांगणार? आणि आबांच्या तोंडी आज कुठली गोष्ट येईल? तापात गेला, असं ते एखाद्या परक्याला भर बाजारात सांगत सुटले तर?

"आबा, काय सांगायचं आपण?"

"कुनाला?"



हरसूलला उतरलो तर बाजार ऐन भरात. सुक्या बोंबलांचा वास, जमिनीवर मांडलेले नागली-वरईचे ढीग, नव्या बांबूच्या टोपल्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, मोबाइलच्या कव्हरांची गाडी. जीपवाले ओरडत होते. आबांनी माझा हात झटकला आणि सरळ गर्दीत घुसले. मी मागे. ते प्रत्येक म्हाताऱ्या माणसापुढे थांबायचे, चेहरा निरखायचे, आणि पुढे निघायचे. कुणी हसत होतं, कुणी रस्ता देत होतं.

टोपल्यांच्या ओळीच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. आबांहूनही थकलेली असेल. गुडघ्याच्या वर नेसलेलं लुगडं, हातात बांबूची कामटी, टोपलीचा काठ विणणं चालू. आबा तिच्यापुढे थांबले. तिने मान वर केली.

"टोपली पायजे का, बाबा?"

आबांनी काठी बगलेत धरली, पाय जुळवले आणि म्हणाले, "निरोप हाय. जेलातून आलो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे होऊन म्हणाले, "आजी, यांना बरं नाही, तुम्ही मनावर..." म्हातारीने माझ्याकडे बघितलंच नाही. हातातली कामटी खाली ठेवली.

"कोनाचा निरोप?"

"तुमच्या मानसाचा. रानातल्या झाडापायी आत गेला व्हता, तो." आबांचा श्वास वर लागला होता. "सुटला तो."

आपल्याकडे माणूस तुरुंगातूनही सुटतो आणि दुखण्यातूनही सुटतो. आबांनी कुठलं सांगितलं, ते त्या क्षणी मला कळलं नाही, आणि अजूनही सांगता येणार नाही. म्हातारी त्यांच्याकडे नीट पाहत राहिली. मग म्हणाली,

"सुटला ना? बेस झालं. लय दिस झालं त्याला." आणि शेजारचं पोतं सरळ करत, "बस, बाबा. लांबून आलास."

आबा बसले. मांडी घालायला वेळ लागला, म्हातारीने हाताला धरलं. तिने डब्यातली नागलीची अर्धी भाकरी आणि ठेचा त्यांच्या हातावर ठेवला. आबांनी गिनती घेतली नाही, खाऊन टाकली.

आबा खात असताना मी हळूच विचारलं, "आजी, तुमच्या घरातलं कुणी खरंच जेलात होतं का?"

"माझ्या घरातला न्हाय," ती म्हणाली. "पर त्या टायमाला कोनाचं ना कोनाचं मानूस जायाचंच. कोन आलं परत, कोन न्हाय. निरोप घिऊन तं कुनीच आलं न्हाय." एवढं बोलून तिने कामटी पुन्हा हातात घेतली. मी टोपली विकत घ्यायला गेले तर भावात मात्र तिने पैसाही कमी केला नाही.

परतीच्या गाडीत आबा झोपले, तोंड उघडं टाकून, माझ्या खांद्यावर भार देऊन. घाटभर मी हलले नाही. खांदा बधिर झाला तरी नाही.

घरी आल्यावर यजमानांनी सगळं ऐकून घेतलं. सकाळी उठले आणि स्वतःच स्क्रू काढून कडी उतरवली. बाहेरच्या मुख्य दाराला, उघडलं की वाजेल अशी घंटी लावून घेतली. ती वाजली की आम्हा दोघांपैकी एकाने चपला घालायच्या आणि आबांबरोबर निघायचं, असं ठरलं. पळणाऱ्याला आवरायचं नाही, त्याच्याबरोबर चालायचं. दमल्यावर ते स्वतःच म्हणतात, चला, बंदीची वेळ झाली.

मला वाटलं होतं, निरोप पोचला म्हणजे आबा शांत होतील. पाचसहा दिवस झालेही तसे. गजांना हात लावला नाही. मग एका सकाळी दाराची घंटी वाजली. आबा टोपी घालून उभे होते.

"कुठे, आबा?"

"नांदगावला. तिथला एक कैदी हाय. आई आजारी पडली तरी त्याला सोडलं नव्हतं."

मी गॅस बंद केला, यजमानांना हाक मारली, आणि नांदगावची गाडी किती वाजता आहे ते बघायला सांगितलं.