गोजराबाईची चूल

किन्हीराजात गोजराबाईला न ओळखणारा माणूस नव्हता. पण एकोणीसशे चौतीस साली चावडीत तिच्या बाजूनं बोलायची वेळ आली, तेव्हा सगळ्या गावाची बोबडी वळली. त्यात माझे वडीलही होते. मला त्याची अजून लाज वाटते.

तिचा नवरा उकंडराव तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. थोरला भाऊ दौलतराव याच्यापासून तो सात वर्षांपूर्वी वेगळा निघाला होता, पण वाटणी तोंडीच झालेली, कागद नाही. अशा वेळी वेगळी चूल हीच वेगळं निघाल्याची खूण धरत. भाऊ वेगळे ठरले तर उकंडरावचं बारा एकर रान गोजराबाईच्या नावावर चढणार होतं. एकत्र ठरले तर रान दौलतरावचं, आणि हिनं जन्मभर जावेच्या दारात भाकरीची वाट बघायची.

सुतकात घरची चूल पेटवत नाहीत. तेरा दिवस दौलतरावकडून ताट येत होतं. दहाव्या दिवशी जाऊ पंचफुला म्हणाली, "सुतकाची चूल ठेवू नाई बाई. मोडून टाकू, मंग नवी घालू." आणि आमच्या या भोळ्या बाईनं स्वतः कुदळ आणून दिली. वरून सारवायला मातीही तिनंच कालवली. जावेची माया बघून तिला रडू आलं होतं म्हणे. मला आठवलं की अजून संताप येतो.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी, नवी चूल घालायच्या आत, नायब तहसीलदार चौकशीला आले. त्यांनी आधी घर पाहिलं. चुलीच्या जागी गुळगुळीत सारवण होतं. मग सगळे चावडीत बसले.

"चूल एकच हाये, साहेब," दौलतराव म्हणाला. "तेरा दिवस ते आमच्याच घरचं जेवली. इचारा तिले."

साहेबांनी विचारलं.

"जेवली," गोजराबाई म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही.

साहेबांनी टाक दौतीत बुडवला. "आणखी कोणाला काही सांगायचं आहे?"

माना खाली गेल्या. भासऱ्यासमोर, थोरल्या दिरासमोर, जन्मात तोंड न उघडलेली गोजराबाई पदर सावरून उभी राहिली. दाराशी जगदेव कुंभार बसला होता.

"जगदेव, आखजीले पितराच्या घागरी तूच आनतं. आमच्या दोन दारात किती ठेवल्या, सांग."

कुंभार आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दर चुलीमागे एक घागर देतो, आणि त्याच्या बदल्यात खळ्यावर धान्यही त्याच हिशेबानं नेतो. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. त्या दिवशी मात्र ते एकालाही आठवलं नव्हतं.

"कायले मधात पडून राह्यला, जगदेव?" दौलतराव हळूच म्हणाला. "खळं पंधरा दिवसांवर हाये."

जगदेवनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"दोन, साहेब. सात सालं दोन ठेवल्या." मग तो दौलतरावकडे वळला. "मालक, तुमीच मले म्हनलं होतं, उकंडाच्या घागरीची जवारी त्याच्या खळ्यावरून ने, माह्या खळ्यावर नको मागू."

साहेबांनी लिहून घेतलं: चुली दोन, भाऊ वेगळे.

दुपारी पंचफुला झाकलेलं ताट घेऊन आली.

"परत न्या, बाई," गोजराबाई म्हणाली. "तेरा दिवस जेवली, तेवढं पुरे."

तिनं अंगणात, ऐन रस्त्यासमोर तीन दगड मांडले आणि जाळ केला. धूर आमच्या ओट्यापर्यंत आला. वडील तिथंच बसून होते. आईनं दोनदा जेवायला हाक मारली, पण ते उठले नाहीत.