आगाशे सरांच्या टेबलावरची दुसरी प्रत

आगाशे सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या घोडचुकीमुळे. पुण्याहून सिंगापूरला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. आमची फर्म भारतात माल पाठवणाऱ्या कंपन्यांना कायद्याचा सल्ला देते आणि सर तिथले ज्येष्ठ सल्लागार. एका राज्याने स्वतःचा नियम काढून सीमेवर आमच्या अशिलाचा माल अडवला, तेव्हा 'केंद्राच्या कायद्यापुढे हा नियम टिकणार नाही' असे मी छातीठोकपणे लिहून दिले. आधाराला घेतलेला निकाल न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने केव्हाच मोडीत काढला होता! भर बैठकीत अशिलाने ते दाखवले. सर शांतपणे म्हणाले, "मसुदा मी तपासला होता. चूक माझी." त्यांनी तो पाहिलाही नव्हता.

नंतर केबिनमध्ये मात्र माझी बिनपाण्याने हजामत झाली. "मृणाल, निकाल अजून जिवंत आहे का, हे आधी बघायचं. आणि वाचताना सुरुवात अल्पमतापासून, म्हणजे न पटलेल्या न्यायाधीशाने वेगळं लिहिलंय तिथून. केंद्र जिंकलं की राज्य, ते शेवटी कळतंच. हरलेल्याचं कोण ऐकतं?" केंद्राची सत्ता कुठे थांबते आणि राज्याची कुठे सुरू होते, यावरचे निकाल सरांनी आयुष्यभर असे उलटे वाचले. त्यांच्या मताला फर्ममध्ये वजन होते, आणि त्यांच्याबरोबर जेवायला बसायची सगळ्यांना धास्ती, कारण जेवण संपले तरी निकाल संपत नसे.

निवृत्तीनंतर वर्षभरात सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मुलगी मेलबर्नला. टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये सर एकटेच. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, "नवा निकाल आलाय. येतेस? खालच्या हॉकर सेंटरमधल्या स्टॉलवरून जेवण आणून ठेवतो." मी म्हणायची, "सर, पुढच्या रविवारी नक्की." माझ्या घरापासून, हौगांगहून, टॅम्पिनीस काही सातासमुद्रापार नाही, पण माझा पुढचा रविवार वर्षभर उजाडलाच नाही. मग फोन थांबले.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या लेखासाठी माहिती हवी म्हणून गेल्या महिन्यात न कळवता गेले. टेबलावर एकाच निकालाच्या दोन प्रती, समोरासमोर ठेवलेल्या.

"दुसरी कोणाची, सर?"

"येईल त्याची. प्रिंट दोनच काढतो गं, सवय झाली."

मला रडू आवरेना. बिचाऱ्या सरांनी विषय बदलून बाहेरून येणाऱ्या मालावरच्या एका राज्याच्या प्रवेशकरावर तासभर ऐकवले. इतक्या खुशीत मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

सर आता पंचाहत्तर पूर्ण करत आहेत. शंभरी गाठा, असे म्हणायची रीत आहे. पण एकट्या माणसासाठी नुसती वर्षे मागणे मला निर्दयपणाचे वाटते. सरांना दीर्घ आयुष्य लाभो, उत्तम आरोग्य लाभो आणि घरात बोलणारे माणूस लाभो. हे वाचणाऱ्यांत त्यांच्या हाताखाली शिकलेले पुष्कळ असतील. त्यांना हात जोडून विनंती आहे, शुभेच्छांचा मेसेज पाठवू नका. स्वतः जा.