घुबडाचा माईक

सोमवारी सुट्टी असणाऱ्या माणसाचे हाल रविवारवाल्यांना कळायचे नाहीत. त्या दिवशी घरात कुणी नसतं. बायको शाळेत शिकवायला गेलेली, शेजारी कामावर, नातेवाइकांकडं जावं तर दाराला कुलूप. मी दातांच्या कवळ्या बनवतो. गुलमंडीच्या मागच्या बाजूला माझी छोटीशी लॅब आहे. शहरातले दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवतात आणि मी प्लास्टर, मेण आणि गुलाबी मसाल्यातून त्यांना हसू तयार करून देतो. नोकरदार माणूस दात दाखवायला रविवारीच मोकळा असतो, म्हणून रविवारी माझ्याकडं जत्रा आणि सोमवारी शुकशुकाट. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला आठवड्यातला एक दिवस पंख्याशी बोलण्याची शिक्षा!

मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागं राहिला आणि त्यात मला एक गाव सापडलं. पडद्यातलं गाव. डोंगर, तळं, तळ्याकाठी बाकं, झाडांना टांगलेले कंदील. आपण हवं ते सोंग घ्यायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि तिथं आलेल्या दुसऱ्या सोंगांशी गप्पा हाणायच्या. मी अस्वल झालो. लाल शेरवानीतलं, पोट सुटलेलं, रुबाबदार अस्वल. पहिल्या दिवशी तळ्यात स्वतःचं प्रतिबिंब बघून मी तीनदा मुजरा केला. कुणी बघत नव्हतं, म्हणून चौथ्यांदाही केला.

दुपारच्या वेळी मराठी कानावर पडायला लागलं आणि हळूहळू आमचा चौघांचा फड जमला. एक सिंह होता, कंबरेपर्यंत आयाळ सोडलेला, बोलायला अस्सल जुन्या शहरातला. एक सरदारीण होती, अंगभर चिलखत आणि हातात भाला. आणि एक घुबड. एवढी सोंगं असताना हे अशुभ पाखरू का निवडलं, असं मी विचारलं तर घुबडानं टाइप केलं, ‘फुकट होतं.’ बाकी सोंगांना पैसे पडायचे.

चौघांनाही सोमवारीच सुट्टी. का, ते विचारायचं नाही. तो आमचा कायदाच होता. इथं कामाचं नाव काढायचं नाही. काढलं तर तळ्यात उडी. एकदा सिंहाच्या तोंडून “आज कंबर लई दुखायली, काल गिऱ्हाईक” एवढं निघालं, आणि आम्ही त्याला आयाळीसकट तळ्यात लोटला.

पण काम असं लपत नाही हो. ते चालण्या-वागण्यात झिरपतं. सिंह कुणाशीही बोलताना समोर यायचाच नाही. मागं, जरासा उजवीकडं उभा राहायचा आणि आपल्या डोक्यावरून बोलायचा. सरदारणीला वाकडं काही दिसलं की चैन पडत नसे. बाकं एका रेषेत लावायची, कंदील सारखे करायची. मी प्रत्येक नव्या सोंगाला आधी म्हणायचो, “हसा बघू.” त्यावरून मी फोटोग्राफर आहे असा त्यांचा पक्का समज होता. आणि घुबड? घुबड कायम पुढं चालायचं. दहा पावलं गेलं की थांबायचं, आमच्याकडं वळायचं आणि शेवटचा माणूस येईपर्यंत उभं राहायचं. मग पुन्हा पुढं.

“शाळामास्तर असंल,” सरदारीण मला म्हणाली.

“नाय ताई, धनगर,” मी म्हणालो. “आणि आपण मेंढरं.”

घुबड एक अक्षर बोलायचं नाही. त्याचा माईक सदा बंद. आमचं सगळं ऐकायचं आणि टाइप करायचं: ‘व्हय’, ‘नाय’, ‘चला म्होरं’. मी इकडं तासभर किस्से रंगवतोय, सिंह लोळून हसतोय, आणि घुबड ढिम्म. मला ते लागायचं. मी त्याला मौनीबाबा म्हणायला लागलो, त्याच्या पायाशी खोटी फुलं वाहिली, त्याच्या नावानं आरती ओवाळली. घुबडानं टाइप केलं, ‘प्रसाद कुठंय?’

शेवटी सिंहाच्या डोक्यात प्रकाश पडला. “अरे मियाँ, त्याचा माईकच खराब असंल. मोबाइलवरून येतो बिचारा. आपण देऊ ना एक, भारीतला.”

ठरलं. तिघांनी मिळून हेडफोन-माईक घेतला. घुबड फर्दापूरला राहतं, घर फाट्याजवळच्या गिरणीमागं, एवढं गप्पांत कळलं होतं. पोहोचवायचं काम अर्थातच माझ्याकडं. असा नाट्यप्रवेश मी दुसऱ्याला कसा करू देईन? एका गुरुवारी लॅबला कुलूप लावलं, एसटीनं फुलंब्री, सिल्लोड करत अजिंठ्याचा घाट उतरलो आणि गिरणीमागच्या घरासमोर उभा राहिलो. एक बाई धुणं वाळत घालत होती.

“ते लेणीवर गेलेत,” ती म्हणाली. “फिरायला आलेले पाव्हणे संध्याकाळी सोडतील त्यांना.”

मग मीही वर गेलो. पायऱ्या चढून माझं खरं पोट धापा टाकायला लागलं होतं. डोलीवाल्यांनी माझ्याकडं बघून आशेनं खांदे सावरले. मी त्यांना हात जोडले आणि पुढं बघितलं.

वळणदार कड्याच्या वाटेवर पर्यटकांचा एक घोळका चालला होता. त्यांच्या पुढं एक बारीक, सावळा माणूस, गळ्यात ओळखपत्र. दहा पावलं गेला. थांबला. वळला. शेवटची म्हातारी येईपर्यंत उभा राहिला.

मी हर्षानं वेडा झालो. गुपचूप घोळक्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. तो हिंदीत काहीतरी सांगायला लागला होता. आवाज घोगरा, चिरलेला, वाळूवरून पत्रा ओढावा तसा. तरी काय गोडी होती! प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो किंचित थांबायचा आणि सगळे पुढं झुकायचे. मी हात उंचावून मराठीत ओरडलो, “ओ साहेब! मागच्यांना ऐकू येत नाही!”

त्यानं आवाज चढवला. चढवता चढवता थबकला आणि डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. माझा चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र दर सोमवारी ऐकला होता.

“अस्वलराव?” तो म्हणाला, आणि चाळीस पर्यटकांनी वळून माझ्या पोटाकडं बघितलं.

घोळका पांगल्यावर आम्ही खाली पुलाजवळच्या दगडावर बसलो. मी पिशवीतून खोका काढला आणि दोन्ही हातांवर ठेवून, मान झुकवून त्याला अर्पण केला. त्यानं उघडला. माईक बघितला आणि हसायला लागला. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. पाणी प्यायल्यावर म्हणाला, “सिंहाला सांगा, टकल्याला कंगवा पाठवला म्हणून.”

“म्हणजे?”

त्यानं गळ्यावर आडवं बोट फिरवलं. “गाठ हाय. बोलायची पेटीच काढायची म्हणायलेत डॉक्टर. हितं भोक पाडणार, त्यातून श्वास घ्यायचा. आवाज गेला तो गेला.”

माझ्या हातात खोक्याचं झाकण होतं. ते कुठं ठेवावं, मला सुचेना.

“मला वाटलं, माईक खराब आहे,” मी म्हणालो.

“माईक चांगला हाय अस्वलराव. पण सोमवारी, लेणी बंद असती तवा बोललो, तर मंगळवारी लेणीवर पुरत नाय. पोट या आवाजावर हाय. म्हणून तुमचं निस्तं ऐकतो. तेवढंच बरं वाटतं.”

“ऑपरेशन कधी?”

“हंगाम सरू द्या.”

“हंगाम गेला खड्ड्यात! तुम्ही उद्या भरती व्हा.” मी आवाज चढवला. तो चढवायला मला काय लागत होतं?

तो ओढ्याकडं बघत बसला. “व्हईन की. भेव मरणाचं नाय. पेटी काढल्यावर सकाळी उठून मी करायचं काय, ते सांगा. मला दुसरं काही येत नाय.”

मी खोक्याला झाकण लावलं आणि खोका त्याच्या मांडीवर ठेवला.

मी घरी येऊन दोघांना सांगितलं. पुढच्या सोमवारी सरदारीण त्याला काय बोलली असेल ती बोलली, मला ठाऊक नाही. ती आणि घुबड तळ्याच्या पलीकडं बराच वेळ उभी होती. पण त्यानं तारीख घेतली. बुधवारी ऑपरेशन, असं कळवलं. आणि त्याखाली टाइप केलं, ‘त्याआधी सोमवारी येतो. तुमचा माईक लावतो.’

त्या सोमवारी मी शेरवानी बदलून काळी घेतली होती, मग ते बरं दिसेना म्हणून पुन्हा लाल केली. घुबड आलं. नेहमीसारखं पुढं चालायला लागलं. डोंगराच्या मागं, गाव बनवणाऱ्यांनी अर्धवट सोडलेली एक कपार होती. आत राखाडी भिंत, बाकी काही नाही. तिथं ते थांबलं. वळलं. आम्ही पोहोचेपर्यंत उभं राहिलं. मग खट्ट असा आवाज झाला आणि माझ्या कानात फर्दापूर उघडलं. कुकरची शिट्टी, कोंबडी, लांबून ट्रकचा हॉर्न. आणि श्वास.

“जवळ या सगळे. मागच्यांना ऐकू येतंय का?”

“येतंय,” मी म्हणालो.

“आजवर हिंदीत सांगितलं, इंग्रजीत सांगितलं, जपानी पाठ करून सांगितलं. आपल्या माणसाला निवांत कधी सांगता आलं नाय. म्हणून आज.” तो थांबला. आम्ही तिघंही, खरोखर, घरात खुर्चीवर पुढं झुकलो असणार. “या भिंतीवर बघा. मधी राजा बसलाय. त्याला सोडा. त्याला सगळेच बघतेत. त्याच्या डाव्या खांद्यामागं बघा. एक बाई चवरी घिऊन उभी हाय. दिसली? तिचं मनगट बघा. पार अवघडलंय. तिचं ध्यान राजाकडं नाय, दाराकडं हाय. अन् पाय बघा. समदा भार एका पायावर दिलाय. दुसरा दुखायलाय तिचा. काढणाऱ्यानं बघितली असंल कुठंतरी अशी बाई, उभं राहून दमलेली.”

भिंत कोरी होती. मला ती बाई दिसत होती.

“हजार दीड हजार वर्षं झाली, हात खाली नाय तिचा. हिला सोमवार नाय.”

सरदारीण बारीक आवाजात म्हणाली, “मी बी उभीच असते. वाळूजच्या औषध कंपनीत. गोळ्यांच्या पट्ट्या पुढं सरकत जातात, त्यात रिकामा खळगा दिसला की उचलायची. दिवसभर.”

“मैं भी,” सिंह म्हणाला. “दाढी-कटिंग. खडे खडे.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“मी बसून करतो,” मी म्हणालो. “कवळ्या बनवतो.”

“तरीच!” सिंह ओरडला. “तरीच साला, हसा बघू, हसा बघू!”

घुबड हसलं. तोच खोकला. बराच वेळ चालला. सरदारणीनं भाला खाली ठेवला. “बास करा दादा. आवाज राखून ठेवा.”

“कुणासाठी ताई?” त्यानं विचारलं, अगदी साधेपणानं, आणि पुन्हा भिंतीकडं वळला.

मग त्यानं आम्हाला छतावरचे हत्ती दाखवले, फळं दाखवली, खांबाआडून डोकावणारा एक पोरगा दाखवला. शब्द तुटत होते. शेवटी शेवटी नुसती हवा येत होती, तरी ओठ हलत असणार, कारण हवेला वाक्यांची लय होती. मग तीही थांबली. घुबड कपारीतून निघालं, तळ्यापाशी गेलं आणि आत उडी मारली. कायदा म्हणजे कायदा. कामाचं नाव सगळ्यांनीच काढलं होतं. आम्ही एकामागोमाग उड्या टाकल्या.

ऑपरेशननंतर मी शहरातल्या दवाखान्यात त्याला भेटायला गेलो. गळ्याला पट्ट्या, नळी. मी खुर्चीवर बसलो आणि गप्प राहिलो. त्यानं पलंगावरून चार बोटं आणि अंगठा चोचीसारखे उघडले-मिटले. बोला. मग मी त्याला एका सासू-सुनेच्या अदलाबदल झालेल्या कवळ्यांची गोष्ट सांगितली, दोघींच्या नकला करून. बाजूच्या पलंगावरचे नातेवाईकही हसले. त्याचे नुसते खांदे हलत होते.

आता तो फाट्यावर मेव्हण्याच्या दुकानात रंगीत खडे विकायला बसतो. बोटांनी भाव सांगतो. गळ्याला लावून बोलायचं यंत्र त्यानं एकदा वापरून बघितलं. बायकोला ते ऐकवेना, म्हणून कपाटात टाकलं. लेणीवर तो गेलेला नाही.

सोमवारी येतो. मधल्या काळात आमच्यात एक ससा सामील झालाय, नवा, चोंबडा. त्यानं परवा विचारलं, “हे घुबड बोलत का नाही? माईक नाही का याला?”

“माईक हाय,” सिंह म्हणाला. “लई भारी माईक हाय. चूप बैठ और सुन.”

कारण आता तो माईक बंद ठेवत नाही. आल्याबरोबर खट्ट करून उघडतो आणि जाईपर्यंत उघडा ठेवतो. कुकर, कोंबडी, भांडी घासल्याचा आवाज, आणि त्यात मिसळलेली एक बारीक शीळ, गळ्यातल्या भोकातून येणारी. घुबड दहा पावलं पुढं जातं, थांबतं, वळतं. माझं पोट सुटलेलं अस्वल सगळ्यांत मागं असतं. मी माझा किस्सा अर्धवट सोडतो आणि ती शीळ ऐकत त्याच्यापाशी जाऊन पोहोचतो. मग ते पुढं निघतं.