धवलारणीचे दात

"हायत," असं म्हणून ती खालचे दात वरच्यांवर करकचून दाबायची आणि मग जबडा सैल सोडायची. दर पाच मिनिटांनी. आमच्या पनवेलच्या दवाखान्यात बाकावर बसलेली ती तुम्ही पाहिली असतीत, तर हसला असतात. मीही हसले होते.

मी दातांच्या डॉक्टरांकडे नावं लिहून घ्यायला बसते. ही मावशी सुकापूरची, आगरी, धवलारीण. म्हणजे लग्नात भटजी असला तरी हळदीपासून प्रत्येक विधीला हिचं गाणं लागायचं. ते धवले कुठे लिहिलेले नव्हते, तिच्या तोंडात होते. आणि तोंडात दात नव्हते. साधी कवळी होती, पण सूर वर गेला की खालची उडायची. जासईच्या एका लग्नात थेट अक्षतांच्या ताटात पडली. "नवऱ्यानं मुंडावळ्या सावरत माझे दात उचलले गो," असं स्वतःच सांगून हसायची. त्यानंतर कुणी बोलावलं नाही, हे मात्र हळू आवाजात सांगायची.

आता घरातल्या शेवटच्या नातीचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "जबड्यात स्क्रू आज बसवू. हाड त्यांना धरायला तीन-चार महिने घेईल. मग वर दात."

"मेढ रोवली का त्याच दिशी मांडव चढतो ना, डाक्तर?"

"मांडव चार दिवसांचा असतो, मावशी."

"मना बी चारच दिवस पायजेत."

डॉक्टर हसले नाहीत. हाड घट्ट असेल तर ते त्याच दिवशी दात देतात, पण हिचं झिजलेलं. भार लवकर पडला की स्क्रू केसभर हलतो आणि हलत्या स्क्रूला हाड धरत नाही, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तरी रदबदली मीच केली, आणि डॉक्टरांनी खालच्या जबड्यात चार स्क्रू बसवून त्याच दिवशी त्यांवर दात चढवले. ते अजून बोचतं.

पथ्य तिने काटेकोर पाळलं. पेज आणि मऊ भात, बाकी काही नाही. पण दात जागेवर आहेत का, ही धास्ती. मग दाबून बघायची. चावण्याचा भार नको म्हणून जेवण सोडलं, आणि तोच भार दिवसभर रिकाम्या तोंडाने टाकत राहिली. माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं हो, आणि मला कळलं नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी रिक्षातून आली. गाल सुजलेला. चारातले दोन स्क्रू बोटाने हलत होते. डॉक्टरांनी सगळं काढलं. जुनी कवळी त्या सुजलेल्या हिरडीवर बसेना. माझा हात धरून कसंबसं बोलली, "उद्या तू माझे बाजूला बस."

बसले. पहिला धवला तिने धरला. सूर खणखणीत, शब्द नुसती हवा. मागून ओळ झेलणाऱ्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. तिने माझ्या कानाला तोंड लावून ओळ सांगितली. पुन्हा सांगितली. मला एक शब्द उमगेना, आणि मी नुसती मान हलवत राहिले. नात ओल्या हळदीत तशीच बसून होती. मग कुणीतरी स्पीकर लावला.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी मला फोन करायला सांगितलं. हाड भरलं असेल, आता सावकाश नीट करू म्हणाले. सुनेने उचलला, आत विचारून आली.

"आई बोलतात, आता कोनाचे लग्नात गाचाय?"

"अगं, निदान जेवायला तरी लागतील. विचार बघू पुन्हा."

फोनवर बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

"काकू," सून म्हणाली, "त्या उठून गेल्या."