दुसऱ्याच्या हातची मूठ

रात्री नवाच्या पुढं वजनं उचलून घरी आल्यावर काय खावं, याचं उत्तर माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाकडं तयार आहे. जिमचा ट्रेनर म्हणतो अंडी किंवा पनीर, भाताला हात लावायचा नाही. खाली राहणाऱ्या घरमालकीण अक्का म्हणतात, स्वल्प दहीभात खा आणि झोप, इतक्या उशिरा पोटाला त्रास कशाला. कारखान्यात माझ्या शेजारी बसणारी मुलगी मोबाइलवर व्हिडिओ पाठवते, त्यात कुणीतरी ओट्स भिजवत असतं. मी सगळ्यांचं ऐकून घेते. खरं सांगायचं तर दोन अंडी उकडायला किंवा कुकरमधला भात दह्यात कालवायला फार अक्कल लागत नाही. मी ते ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच खायची. ताट घेणं कधी बंद झालं ते आठवत नाही. एका माणसासाठी ताट कशाला घासायचं, असं एखाद्या दिवशी वाटलं असेल, आणि मग तेच चालू राहिलं.

मी बंगळुरात, पीण्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका लहान कारखान्यात इंजिनिअर आहे. आमच्याकडं गिअर बनतात आणि ते मापात आहेत की नाहीत हे मी बघते. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी मुद्दाम सांगते, सांगायला मला आवडतं. माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते, हेही तितक्याच मोकळेपणानं सांगते. हळदीची पोती पाठीवर वाहून त्यांनी मला इंजिनिअर केलं. त्यांच्या सदऱ्यांचे मूळ रंग मला लहानपणी कधी कळले नाहीत, सगळे पिवळेच असायचे. मी त्यांना आप्पा म्हणते. इथं आल्यापासून एवढा एकच शब्द मला कुणाला समजावून सांगावा लागला नाही, कन्नडमध्येही बाप म्हणजे अप्पाच.

जिमला मी उशिरा जाते, कारण आठच्या सुमाराला गर्दी ओसरते आणि बार मोकळा मिळतो. हे कारण लोकांना सांगायचं. दुसरं कारण असं की खोलीवर लवकर जाऊन करायचं काय.

गेल्या कार्तिकात आप्पा माझ्याकडं आले. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. गुडघा दुखायला लागल्यावर त्यांचं पोतं उचलणंही सुटलं होतं, आणि यार्डामागच्या दोन खोल्यांत ते एकटे राहत होते. थोडे दिवस येऊन बघतो, म्हणाले. मी मनात ठरवून टाकलं होतं की आता परत पाठवायचं नाही. गादी आणली, दुसरं ताट आणलं, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. आप्पांनी इथंच राहावं, एवढंच मला त्या दिवसांत हवं होतं. त्यांचं वय झालंय, एकटं कसं ठेवायचं, असं मी सगळ्यांना सांगत होते. माझं स्वतःचं काय ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पहिल्या संध्याकाळी मी जिमहून आले तर आप्पा भिंतीला टेकून बसलेले. समोर दोन ताटं पालथी घातलेली. जन्मभर हा माणूस दिवेलागणीला जेवत आला, आणि इथं माझ्यासाठी उपाशी बसला होता. मी रागावले. जेवून घ्यायचं की वेळेवर, म्हटलं.

"मी जेवलो असतो, मग तू कुणासंगं जेवली असतीस?" आप्पा म्हणाले.

मी हात धुऊन आले आणि ताटं सुलटी केली. भाकरी त्यांनीच केली होती, आई गेल्यावर शिकलेली, जाडजूड आणि एका बाजूला करपलेली. मी खाली मांडी घालून बसले आणि ट्रेनरनं सांगितलेलं सगळं विसरून दीड भाकरी खाल्ली.

जेवताना मी त्यांना सहज विचारलं, दिवसभर पोती उचलल्यावर तुम्ही लोक काय खायचा. मला वाटलं होतं, आता काहीतरी ऐकायला मिळेल, जुनं, कसदार, जिममध्ये जाऊन सांगण्यासारखं. आप्पा हसले. "काय खाणार? चहा. नाहीतर तंबाखू." वजन उचललं की भूक मरते म्हणाले, ती मागनं रात्री कधीतरी जागी होते. म्हणून त्यांचा मुकादम शेवटची गाडी भरून झाली की टोळीतल्या कुणाला तसंच घरी सोडायचा नाही. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ कागदावर ओतायचे आणि सगळ्यांनी तिथंच उभ्या उभ्या खायचे. फक्त एक होतं, आपल्या हातानं कुणी घ्यायचं नाही. शेजारच्यानं मूठ भरून तुमच्या हातावर द्यायची, तुम्ही पुढच्याच्या. असं का, म्हणून मी विचारलं.

"का म्हणजे? तसंच होतं." भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "आपल्या हातानं घेतलं की मूठ बारकी येती. लाजतोय माणूस."

तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. लहानपणी आप्पांना एकदा मोठा ताप आला होता, कितीतरी दिवस कामावर गेले नव्हते. त्या दिवसांत रोज संध्याकाळी कुणीतरी दारात येऊन कागदाची पुडी देऊन जायचं. मी ती बाजारचा खाऊ म्हणून खात होते. ती आप्पांची मूठ होती. आजारी असला तरी माणूस टोळीतून वजा होत नव्हता. आप्पा म्हणाले, अजूनही संध्याकाळी यार्डात जाऊन बसतो, अजूनही देतात. हे ते अगदी साधेपणानं बोलले आणि मीही ऐकून सोडून दिलं. तिथंच मला कळायला हवं होतं.

दिवसा मी कारखान्यात असताना आप्पांना इथं करायला काही नव्हतं. खाली इमारतीच्या गेटपाशी जाऊन वॉचमनजवळ बसायचे. वॉचमन ओडिशाचा, आप्पा सांगलीचे, दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. दोघं रस्त्याकडं बघत बसायचे. अक्का जिन्यावरून जाता-येता विचारायच्या, "ऊटा आयता, अप्पा?" जेवण झालं का, एवढाच अर्थ, तो आप्पांना दुसऱ्याच दिवशी कळला आणि ते "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणून मान हलवायला लागले. यापलीकडं संभाषण जायचं नाही. मी जेवणानंतर त्यांना कारखान्यातल्या गमती सांगायची. ते ऐकायचे, पण रात्री त्यांच्या डोळ्यांवर झोप असायची आणि मला सकाळी लवकर निघायचं असायचं.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारच्या आसपास बसवनगुडीला मोठ्या नंदीच्या देवळापाशी शेंगांची जत्रा भरते. आदल्या रविवारी मी त्यांना मेट्रोनं तिकडं नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीगच ढीग, कच्च्या, उकडलेल्या, भाजलेल्या. देवळात तो अख्ख्या दगडाचा नंदी बघून आप्पा कितीतरी वेळ उभे राहिले. मला वाटलं, हात जोडतायत. म्हणाले, "ह्याला हलवायला आमच्या दोन टोळ्या लागल्या असत्या. आणि मुकादमानं तरीबी शिव्या दिल्या असत्याच."

बाहेर एका शेंगवालीनं चव बघा म्हणून भाजलेल्या शेंगांची मूठ भरून त्यांच्या हातावर ठेवली. ही तिची विकायची रीत, ती सगळ्यांनाच देत होती. पण आप्पांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. "इथं पण हातावर देत्यात की," म्हणाले. भलीमोठी पिशवी भरून शेंगा घेतल्या. परत येताना मेट्रोत सबंध वेळ पिशवी मांडीवर होती, आणि आप्पा पहिल्यांदाच इथल्या गोष्टींबद्दल प्रश्न विचारत होते. गूळ कुठं मिळतो, माझ्या जिममध्ये माणसं किती असतात, मुकादम कोण आहे. ट्रेनर म्हणजे मुकादमच समजा, मी म्हटलं. मला वाटलं, जमलं. राहतील.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते माझ्याबरोबर जिमला आले. आमचं जिम पाण्याच्या पंपांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. गुडघा धरत जिना चढले आणि चपलांच्या मांडणीशेजारी स्टुलावर बसले. मी बार उचलला तेव्हा ते मान पुढं काढून बघत होते. मला, खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. आप्पांच्या पोत्याइतकं नसलं तरी बरंच वजन होतं ते.

मी बार खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ पाणी प्यायला गेले.

"उचललेलं परत तिथंच ठेवायचं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"कुठं न्यायचं न्हाई?"

मी हसले, तेही हसले. मग त्यांनी सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. आरशासमोर एक जण दंड बघत होता. कोपऱ्यात बँकेतली एक बाई सायकल मारत होती. पोरांच्या कानांत इअरफोन होते. स्पीकरवर गाणं मोठ्यानं चालू होतं, ते कुणीच ऐकत नव्हतं.

बंद व्हायची वेळ झाली, मी आत बूट बदलायला गेले. परत आले तेव्हा आप्पा उभे होते. त्यांनी स्टुलावर कागद पसरून त्यावर घरून सोलून, भाजून आणलेले दाणे आणि गुळाचे खडे ओतले होते, आणि मूठ भरून जिन्याकडं जाणाऱ्या प्रत्येकापुढं हात करत होते. एका खोलीत वजनं उचलणारी माणसं म्हणजे एक टोळी, यात त्यांना काही शंकाच नव्हती. पहिला पोरगा दचकला, मग हातातली प्रोटीनची बाटली दाखवून "नो, थँक्स अंकल" म्हणाला. दुसऱ्यानं पाकिटाकडं हात नेला, त्याला वाटलं विकायला आणलेत. बँकेतल्या बाईनं गोड बंद आहे असं खुणेनं सांगितलं. सगळे नीट वागले, कुणी हसलं नाही, उगाच कशाला नावं ठेवू. ट्रेनरनं चार दाणे घेतले आणि तोंडात न टाकता खिशात ठेवले. मग तो दिवे बंद करायला वळला.

आप्पांच्या हातात शेवटची मूठ तशीच राहिली. द्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांना कुणी दिली नव्हती. मी गेले, हात पुढं केला. त्यांनी ती मूठ माझ्या हातावर ठेवली. मी कागदावरची माझी मूठ भरून त्यांना दिली. शटर पडल्यावर पंपांच्या दुकानाच्या पायरीवर बसून आम्ही दोघांनी खाल्लं. बापाच्या हाताची मूठ केवढी मोठी असते ते मी विसरून गेले होते, माझ्या तळव्यात मावत नव्हती. समोरून ट्रक जात होते. आप्पा प्रत्येक ट्रकमधल्या मालाकडं बघत होते.

"एवढी माणसं एका खोलीत कशापायी येत्यात मग?" त्यांनी विचारलं. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

घरी पोचल्यावर मीच विषय काढला. नाही काढला असता तर त्यांनी आणखी थोडे दिवस माझ्यासाठी काढले असते, आणि ते मला बघवलं नसतं. म्हटलं, "आप्पा, राहा की इथंच."

ते गादीवर बसले, गुडघा चोळत. "तू सगळं चांगलं केलंयस," म्हणाले. "ताट हाय, गादी हाय. पण दिवसभर मी कुणाला हाक मारत न्हाई गं."

मी म्हटलं, मग मी येते तिकडं. सांगलीत नाही तर मिरजेला, कुठंतरी कारखाना मिळेल. हे मी अर्धवट खरं बोलत होते, आणि त्यांना ते बरोबर कळलं.

"तुला शिकवलं ते माझ्याजवळ बसून ऱ्हायला न्हवं," आप्पा म्हणाले, आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी उरलेल्या सगळ्या शेंगा सोलल्या. मी कारखान्यातून आले तर वॉचमनही त्यांच्याबरोबर गेटपाशी बसून सोलत होता, दोघांच्या पायाशी टरफलांचा ढीग. दाणे भाजून, गूळ फोडून सगळं एका स्टीलच्या डब्यात भरलं. डबा ओट्यावर ठेवला. मिरजेच्या गाडीत बसवताना मी रडले नाही, ते पायऱ्या चढताना गुडघ्याकडं लक्ष ठेवलं. गाडी हलल्यावर खिडकीतनं त्यांनी समोरच्या माणसाला काहीतरी विचारलेलं दिसलं. तो मराठी असावा, कारण आप्पा लगेच पुढं सरकून बोलायला लागले.

अक्कांनी त्या रात्री जिन्यावर विचारलं, अप्पा गेले का. मी सरी म्हटलं, का कोण जाणे.

आता जिमहून आले की आधी आप्पांना फोन करते. झोपायची वेळ टळून गेलेली असते, तरी माझ्या फोनसाठी जागे असतात. ताट मी घेते, एवढं मात्र ठेवलंय. अंडी उकडेपर्यंत डब्यातले दाणे खाते.

परवा त्यांनी नेहमीसारखं विचारलं, काय खाल्लंस. शेंगदाणे आणि गूळ, मी म्हटलं.

"कुणी दिलं?"

यार्डातल्या सवयीनं त्यांच्या तोंडून गेलं असणार. ट्रेनरनं दिलं म्हणता आलं असतं, आप्पांना बरं वाटलं असतं. पण मला खोटं बोलायचा कंटाळा आहे.

"मीच घेतलं, आप्पा."

पलीकडं यार्डात कुठला तरी ट्रक मागं येत होता, त्याचा भोंगा ऐकू येत होता.

"मग जरा जास्त घेत जा," आप्पा म्हणाले.

फोन कानाशी तसाच धरून मी डब्यात परत हात घातला.